आहे, दिसते, म्हणतात : लेण्यातील एकट्या प्रवाशाची भाषा

प्रवासवर्णन हा वाङ्मयप्रकार वर्गात शिकवायला सोपा आणि विद्यार्थ्यांकडून लिहून घ्यायला अवघड आहे. एखाद्या लेण्यावर चार पाने लिहायला सांगितली, की बहुतेक वह्यांत थोड्याफार फरकाने एकच वाक्य सापडते : ‘हे लेणे अमुक राजाने बांधले असून त्यातील कोरीव काम पाहून डोळ्यांचे पारणे फिटते व येथून एक भुयार थेट काशीला जाते.’ या एका वाक्यात तीन विधाने आहेत आणि तिन्ही वेगवेगळ्या जातींची आहेत. राजाचे नाव कुठेतरी लिहिलेले असावे लागते. कोरीव काम डोळ्यांनी पाहावे लागते. भुयाराची गोष्ट कोणीतरी सांगितलेली असते. विद्यार्थी मात्र तिन्ही एकाच खात्रीने, एकाच दमात लिहून मोकळा होतो. शिवाय लेणे बांधत नाहीत, कोरतात, याकडेही त्याचे लक्ष नसते.

हा दोष भाषेच्या अज्ञानाचा नाही. या तीन विधानांसाठी मराठीत तीन साधी क्रियापदे तयार आहेत : आहे, दिसते, म्हणतात. ती जागच्या जागी वापरली, की प्रवासवर्णन खरे होते. त्यांची सरमिसळ झाली, की उत्तम शैलीत लिहिलेले पानही निरुपयोगी ठरते. हा मुद्दा व्याकरणाच्या तासाला सांगून पटत नाही, लेण्यात उभे राहिल्यावर पटतो. म्हणून गेल्या हिवाळ्यात उज्जैनहून विदिशेजवळच्या उदयगिरीपर्यंत केलेल्या एका दिवसाच्या प्रवासाच्या आधारे तो येथे मांडते आहे. मी एकटीच गेले होते. पाठीवर सॅक, त्यात पाणी, दशम्या, विजेरी, वही आणि दोन पेन्सिली एवढेच सामान होते.

गुहा, गुंफा आणि लेणे

आधी शब्दांचा घोळ मिटवायला हवा. माळव्यातल्या मराठी घरांत ‘लेणे’ म्हटले की पहिल्यांदा दागिना आठवतो. डोंगरातल्या कोरीव मंदिराला आम्ही शेजारच्या हिंदीच्या सवयीने ‘गुफा’ किंवा ‘गुंफा’ म्हणतो. दागिन्याच्या अर्थाचे लेणे हे अंगावर ‘लेणे’, म्हणजे घालणे, या क्रियापदापासून आले. डोंगरातले लेणे हे संस्कृत ‘लयन’ आणि प्राकृत ‘लेण’ यांच्या कुळातले. नाशिक, कार्ले, जुन्नर येथील प्राचीन शिलालेखांत हा शब्द वारंवार येतो. दोन वेगळ्या वाटांनी आलेले शब्द मराठीत एका रूपात भेटले आणि डोंगराने अंगावर घातलेला दागिना अशी एक गोड समजूत आपोआप तयार झाली.

हा भेद केवळ शब्दकोशातला नाही. गुहा निसर्गाने केलेली असू शकते. लेणे माणसाच्या हाताशिवाय होत नाही. माळव्याच्या परिसरात याचे चार प्रकार एकमेकांपासून फार दूर नाहीत. भीमबेटकाचे शैलाश्रय नैसर्गिक आहेत. माणसाने तेथे फक्त चित्रे काढली. उज्जैनमध्ये गढकालिकेजवळ, क्षिप्रेच्या काठी असलेली भर्तृहरी गुंफा नावाने गुंफा असली, तरी आत उतरल्यावर दगडी खांब आणि तुळया दिसतात. म्हणजे निदान तेवढा भाग बांधलेला आहे. मंदसौर जिल्ह्यातील धमनार येथील धर्मराजेश्वर मंदिर डोंगर वरून खाली खोदत नेऊन अखंड खडकातून मोकळे केलेले आहे. वेरूळच्या कैलासाची पद्धतही हीच. उदयगिरीचे काम मात्र समोरून, डोंगराच्या उभ्या अंगात आडवे शिरून केलेले आहे. चौघांना आपण सरसकट ‘गुफा’ म्हणतो तेव्हा चार वेगळ्या कृती एका शब्दाखाली झाकल्या जातात. लिहिणाऱ्याचे पहिले काम ते झाकण काढण्याचे आहे.

नानाखेड्याहून विदिशेकडे

नानाखेडा हा उज्जैनचा दक्षिणेकडचा भाग. नावातला ‘खेडा’ आपल्या ‘खेड्या’चा सख्खा भाऊ आहे. आज तेथे बसस्थानक आहे, स्टेडियम आहे, वसाहती आहेत. खेडे तेवढे नावात उरले आहे. पहाटे तिथून रिक्षाने रेल्वे स्टेशन गाठावे, मक्सी, शुजालपूर, सिहोर करत भोपाळ आणि भोपाळहून पुढे विदिशा. सगळा लोहमार्ग सुमारे २४० किलोमीटरचा. पहाटे निघून रात्री परत येता येते, पण मधल्या वेळेत उदयगिरीशिवाय फारसे काही पाहता येत नाही. ते एका अर्थी बरेच आहे. एका दिवसात पाच ठिकाणे ‘करून’ येणाऱ्याला वही उघडायला सवड मिळत नाही.

साहित्याच्या माणसाला या वाटेचे आणखी एक आकर्षण आहे. ‘मेघदूता’तला मेघ याच टापूतून, पण उलट दिशेने येतो. रामगिरीहून निघून तो दशार्ण देशात शिरतो, राजधानी विदिशेला वेत्रवतीचे, म्हणजे बेतवेचे पाणी पितो, ‘नीचैः’ नावाच्या टेकडीवर विसावतो आणि मग वाट थोडी वाकडी करून उज्जयिनीला येतो. वासुदेव विष्णु मिराशी यांनी हा रामगिरी म्हणजे नागपूरजवळचे रामटेक असे साधार मांडले. वाटेतली सिंधू म्हणजे काळीसिंध आणि निर्विंध्या म्हणजे नेवज, असे बरेच अभ्यासक मानतात. नीचैः टेकडी म्हणजेच उदयगिरी, असेही अनेकांचे मत आहे. कालिदासाने तेथील दगडी घरांसाठी ‘शिलावेश्म’ हा शब्द वापरला आहे. गंमत अशी, की त्या शिलावेश्मांत त्याला देव दिसत नाहीत. नगरातल्या तरुणांच्या प्रणयलीलांचा सुगंध तेवढा येतो. एकाच डोंगराबद्दल कवी काय सांगतो आणि शिलालेख काय सांगतो, हा फरक येथूनच सुरू होतो.

निघताना घरातला प्रश्न ठरलेला होता : “आई, सोबत कोण आहे?” पन्नाशी उलटलेल्या बाईने सॅक पाठीला लावून एकटीने लेणी पाहायला जावे, हे अजून आपल्याकडे पुरते रुळलेले नाही. लेण्याच्या पायथ्याशी भेटलेल्या वाटाड्यानेही हाच प्रश्न हिंदीत विचारला. एकटे जाण्यात शौर्य काही नाही. त्यात एक सोय आहे. सोबत कोणी असले, की पहिले विशेषण त्याच्या तोंडून येते आणि आपण ते उसने घेतो. ‘किती भव्य!’ असे कोणी म्हणाले, की ‘भव्य’ हा शब्द आपल्या वहीत जातो आणि नजर तिथेच थांबते. एकट्या माणसाला मात्र शब्द स्वतःलाच शोधावा लागतो.

‘आहे’ : दगडावर लिहिलेले

विदिशेपासून उदयगिरी सुमारे ६ किलोमीटरवर, बेतवा आणि बेस या नद्यांच्या मध्ये आहे. टेकडी लहान आहे, दगड वाळूचा, कोरायला मऊ आणि झिजायलाही मऊ. लेणी वीस मोजतात. त्यांतील बहुतेक शिव, विष्णू, देवी यांची आहेत. विसावे जैन आहे. वेरूळची कल्पना मनात धरून येणाऱ्याचा येथे हिरमोड होण्याचा संभव आहे, कारण बहुतेक गर्भगृहे दहा-बारा माणसांनी भरून जातील एवढीच आहेत. पण ही लेणी वेरूळच्या आणि घारापुरीच्या हिंदू लेण्यांपेक्षा आधीची आहेत. हे आपण खात्रीने म्हणू शकतो, कारण येथे तारीख लिहिलेली आहे.

ती तारीख मराठी वाचकाला चटकन ओळखू येईल अशी आहे. सहाव्या लेण्याशी असलेल्या लेखात गुप्त संवत ८२, आषाढ महिना, शुक्ल पक्ष, एकादशी असा काळ दिला आहे. म्हणजे इसवी सन ४०१-०२ मधली आषाढी एकादशी. सम्राट दुसरा चंद्रगुप्त याच्या अधीन असलेल्या सनकानिक कुळातल्या एका महाराजाचे हे धर्मदान आहे. लेखात त्याच्या वडिलांचे आणि आजोबांचे नाव आहे. त्याचे स्वतःचे नाव झिजले आहे. दान देणाऱ्याचे नाव पुसले गेले आणि तिथी राहिली. आज जी तिथी आपण पंढरीच्या वारीशी जोडतो, ती सोळाशे वर्षांपूर्वी या टेकडीवर दान देण्यासाठी निवडली गेली होती, एवढे विधान ‘आहे’ या क्रियापदाने करता येते. त्या दिवशी तेथे मोठा उत्सव झाला असेल, हे मात्र ‘आहे’ने सांगता येत नाही. लेख तसे म्हणत नाही.

दुसरा लेख सातव्या लेण्याच्या मागच्या भिंतीवर आहे आणि भाषेच्या विद्यार्थ्याने तो मुद्दाम पाहावा असा आहे. लिहविणाऱ्याचे नाव वीरसेन, दुसरे नाव शाब, गोत्र कौत्स, गाव पाटलिपुत्र. तो चंद्रगुप्ताचा संधिविग्रहाचा मंत्री होता. स्वतःची ओळख तो शब्द, अर्थ, न्याय आणि लोकव्यवहार जाणणारा कवी अशी करून देतो. साऱ्या पृथ्वीच्या विजयासाठी निघालेल्या राजाबरोबर आपण येथे आलो आणि शंभूवरील भक्तीने ही गुहा करविली, असे तो सांगतो. मी कोण, कुठला, कोणाबरोबर आलो, कशासाठी आलो, येथे काय केले : पाच गोष्टी थोड्या ओळींत. ‘सोबत कोण आहे?’ या प्रश्नाचे उत्तरही त्यात आहे. फरक इतकाच, की त्याच्या सोबतीला सम्राट होता. ज्या भिंतींवर आजचे पर्यटक खिळ्याने आपले नाव आणि हृदयाचे चिन्ह कोरून जातात, तिथेच प्रवासी लेखकाने काय लिहावे याचा हा नमुना आहे.

या लेखातील क्रियापदही नीट वाचले पाहिजे. वीरसेनाने ‘केली’ असे म्हटलेले नाही. ‘अकारयत्’ म्हटले आहे, म्हणजे करविली. संस्कृतातला हा प्रयोजक मराठीतही जिवंत आहे. ‘बांधले’ आणि ‘बांधविले’ यांतला एक ‘वि’ काढून टाकला, की टाकी-हातोडा धरणारे हात नाहीसे होतात. राजाने लेणे कोरले, असे आपण सहज लिहून जातो. राजाने काही कोरले नाही. ज्यांनी कोरले त्यांची नावे या लेखात नाहीत. प्रामाणिक लेखकाने निदान तो ‘वि’ तरी राखावा.

विसाव्या लेण्यात गुप्त संवत १०६ चा, म्हणजे इसवी सन ४२५-२६ चा लेख पार्श्वनाथाच्या मूर्तीची नोंद करतो. एकोणिसाव्या लेण्यात विक्रम संवत १०९३ चा, म्हणजे अकराव्या शतकातला नागरी लेख कान्ह नावाच्या एका विष्णुभक्ताची भक्ती सांगतो. पहिल्या आणि शेवटच्या लेखात सहा शतकांहून अधिक अंतर आहे. टेकडी एका राजाची, एका दिवसाची किंवा एका पंथाची नव्हती, हे सांगायला कल्पनेची गरज नाही. लेख पुरेसे आहेत.

‘आहे’ची सीमाही येथेच कळते. उदयगिरीच्या खडकांवर शंखलिपीतली मोठमोठी, वळसेदार अक्षरे आहेत. शंखाच्या वेटोळ्यांसारखी दिसतात म्हणून ते नाव. काही ठिकाणी गुप्तकालीन कोरीव कामाने ही अक्षरे कापली गेली आहेत, त्यावरून ती त्याआधीची असावीत असे अभ्यासक मानतात. ती अजून कोणालाही समाधानकारकपणे वाचता आलेली नाहीत. समोर अक्षर आहे, कोणीतरी मन लावून काढलेले आहे, आणि अर्थ मात्र मिळत नाही. अशा वेळी अर्थ रचण्याचा मोह आवरून ‘अक्षर आहे’ एवढेच लिहिणे हा भाषेच्या माणसासाठी चांगला वस्तुपाठ आहे.

‘दिसते’ : दगडात पाहिलेले

पाचवे लेणे म्हणजे खोली नव्हे. खडकात केलेला एक उथळ कोनाडा आहे. त्यात सुमारे ७ मीटर रुंद आणि ४ मीटर उंच असा वराह अवताराचा देखावा आहे. या शिल्पासमोर लोक साधारणपणे दोन मिनिटे थांबतात, छायाचित्र घेतात आणि पुढे जातात. मी घड्याळ लावून एक तास बसले आणि दिसेल ते क्रमाने लिहीत गेले.

शरीर माणसाचे, मुख वराहाचे. एक पाय जमिनीवर रोवलेला, दुसरा नागाच्या वेटोळ्यावर. एक हात कमरेवर, एक गुडघ्यावर. पृथ्वी स्त्रीरूपात दाताला बिलगून वर आलेली, देवाच्या अंगाच्या मानाने अगदी लहान. गळ्यात लांब वनमाला. मागच्या भिंतीवर ऋषींच्या आणि देवांच्या ओळीच्या ओळी, शाळेच्या प्रार्थनेला उभ्या राहाव्यात तशा. खालून वर चढत गेलेल्या लाटांच्या रेषा. दोन्ही बाजूंच्या भिंतींवर गंगा आणि यमुना. एक मकरावर, दुसरी कासवावर. दोघींचे प्रवाह खाली एक होऊन समुद्राला मिळतात. नागाच्या मागे गुडघे टेकलेली एक माणसाची आकृती.

ही यादी आहे, वर्णन नव्हे, असा आक्षेप येईल. पण यादी पूर्ण झाल्याशिवाय वर्णन सुरू करू नये, असे माझे मत आहे. यादी करताना एक गोष्ट ध्यानात आली. एवढ्या मोठ्या घडामोडीत वराहाच्या अंगात धावपळ नाही. पृथ्वी उचलण्याचे कष्ट दिसत नाहीत. उचलून झाल्यानंतरचा क्षण दिसतो. ‘रौद्र’, ‘आवेशपूर्ण’ ही जी विशेषणे माहितीपत्रकांत सर्रास आढळतात, ती या मूर्तीला लागत नाहीत. हे माझे निरीक्षण आहे आणि ते ‘दिसते’ या क्रियापदानेच लिहिले पाहिजे. दुसऱ्याला वेगळे दिसू शकते. त्याने ते तिथे उभे राहून सांगावे, एवढीच अट.

यापुढची पायरी अर्थाची. पृथ्वी उचलणारा वराह म्हणजे साऱ्या पृथ्वीच्या विजयाला निघालेला चंद्रगुप्तच सूचित केला आहे, असे काही अभ्यासक म्हणतात. गुडघे टेकलेल्या आकृतीत कोणी राजा तर कोणी दाता पाहतो. वीरसेनाच्या लेखाशी हा अर्थ चांगला जुळतो. तरीही शिल्पाखाली तसे लिहिलेले नाही. म्हणून हा अर्थ ‘दिसते’ आणि ‘म्हणतात’ यांच्या सीमेवर ठेवावा लागतो. याच राजाची मुलगी प्रभावतीगुप्ता विदर्भातल्या वाकाटक घराण्यात दिलेली होती आणि रामटेकच्या टेकडीवरही एक भव्य वराह आहे. उदयगिरीचा वराह आणि रामटेकचा वराह यांच्यामध्ये एक सोयरीक आहे, एवढे इतिहास सांगतो. मेघाची वाट आणि या लेकीची सासरची वाट एकाच दोन टोकांना जोडते, हे मात्र वाचकाच्या मनाने पाहायचे.

पाहण्याची ही ताकद काय करू शकते, याचे उदाहरण उज्जैनकरांच्या घरचे आहे. विष्णू श्रीधर तथा हरिभाऊ वाकणकर यांनी १९५७ साली भोपाळकडे जाताना आगगाडीच्या खिडकीतून काही खडक पाहिले. तसे खडक त्यांनी स्पेन आणि फ्रान्समध्ये पाहिले होते. ते तेथे गेले आणि भीमबेटकाचे चित्रित शैलाश्रय जगापुढे आले. २००३ साली युनेस्कोने ते जागतिक वारसा म्हणून स्वीकारले. त्याच गाडीत, त्याच खिडक्यांतून इतर प्रवाशांनाही ते खडक रोज दिसत होते.

‘म्हणतात’ : दगडाविषयी ऐकलेले

येथवर वाचून ‘म्हणतात’ हे कमी प्रतीचे क्रियापद आहे, असा समज होऊ नये. लोक जे म्हणतात त्यालाही स्वतःचे सत्य असते. ते लेण्याचे नसून लोकांचे असते. वीरसेनाच्या लेण्याला लोक ‘तवा’ म्हणतात, कारण त्याच्या माथ्यावर तव्यासारखी चपटी शिळा आहे. ज्या गुहेत पाटलिपुत्राच्या कवीने आपली विद्वत्ता नोंदवली, तिला गावाने स्वयंपाकघरातले नाव दिले. चौथ्या लेण्याच्या दारावर वीणा वाजवणारी आकृती आहे म्हणून ते ‘वीणा’. एकोणिसाव्याच्या दारावर समुद्रमंथन आहे म्हणून ते ‘अमृत’. ही नावे देणाऱ्यांनी लेणे पाहिले होते. नाव देणे हीसुद्धा एक प्रकारची समीक्षाच आहे.

पण ‘म्हणतात’चा थर जाड झाला, की ‘आहे’ झाकले जाते. उदयगिरीजवळच, जुन्या बेसनगरात, एक उंच दगडी स्तंभ आहे. गावकरी त्याला खांबबाबा म्हणून पूजत आले. १८७७ साली अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी तो पाहिला तेव्हा त्यावर शेंदराचे जाड पूट होते आणि लेख त्यांना दिसला नाही. १९०९ च्या सुमारास शेंदूर निघाला आणि ब्राह्मी अक्षरे वर आली. तक्षशिलेचा हेलिओडोरस नावाचा ग्रीक दूत राजा भागभद्राच्या दरबारी आला होता आणि वासुदेवाचा भक्त म्हणून त्याने हा गरुडध्वज उभारविला होता. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकाच्या अखेरची ही गोष्ट. पुढे देवदत्त रामकृष्ण भांडारकर यांनी १९१३ ते १९१५ या काळात बेसनगरात उत्खनन केले. शेंदूर लावणाऱ्यांनी काही वाईट केले नव्हते. दगड उभा राहिला तो त्यांच्या श्रद्धेमुळेच, असेही कोणी म्हणेल. परंतु श्रद्धेने राखलेल्या दगडावरचे वाचायला शेंदराखाली पाहावे लागले.

आमच्या उज्जैनच्या भर्तृहरी गुंफेबद्दलही तेच. राजा भर्तृहरीने वैराग्यानंतर येथे तप केले, तो विक्रमादित्याचा थोरला भाऊ, येथून चारी धामांना वाट जाते, असे म्हणतात. शतकांचा कवी भर्तृहरी आणि ‘वाक्यपदीय’कार वैयाकरण भर्तृहरी एकच की दोन, हा विद्वानांचा जुना वाद आहे. नाथपंथीय परंपरेत तो भर्तरीनाथ होतो. मराठीत वामन पंडितांनी त्याची शतके आणली, म्हणून आपल्यालाही तो घरचा वाटतो. या सगळ्यांना एका अंधाऱ्या तळघरात एकत्र उभे करण्याचे काम ‘म्हणतात’ या एका क्रियापदाने केले आहे. ते लोकसाहित्याचे धन आहे. ‘भर्तृहरी या गुहेत राहत होता’ असे लिहिले, की ते धन खोट्या नाण्यासारखे होते. ‘राहत होता असे म्हणतात’ असे लिहिले, की ते अस्सल राहते.

मराठी गद्याची जुनी शिस्त

ही काटेकोर वृत्ती परक्या संशोधनपद्धतीतून आणावी लागत नाही. मराठी गद्याचा आरंभ ज्या ग्रंथापासून आपण मानतो, त्या ‘लीळाचरित्रा’तच ती आहे. शके १२०० च्या सुमारास म्हाइंभटांनी चक्रधरांच्या आठवणी गोळा केल्या त्या ज्यांनी पाहिले-ऐकले त्यांच्याकडे जाऊन. एकाच प्रसंगाच्या दोन आठवणी जुळल्या नाहीत, तर महानुभावांनी एक पुसून दुसरी ठेवली नाही. कोणाचा पाठ कोणता हे नावानिशी नोंदवले. अशा पाठभेदाला त्यांनी ‘वासना’ असा शब्द वापरला. चक्रधर एळापुरात, म्हणजे वेरूळला राहिले होते. तेव्हा मराठी गद्य आणि लेणी यांची ओळखही तितकीच जुनी आहे.

विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ हा दुसरा दाखला. वरसईहून निघालेले हे भटजी १८५७ च्या धामधुमीत सापडले आणि कितीतरी वर्षांनी त्यांनी ते लिहिले. त्यांच्या पुस्तकात पाहिलेले आणि ऐकलेले दोन्ही आहे. इतिहासकार ते वाचताना दोन्ही वेगळे करत बसतात, कारण झाशीच्या तटावर काय दिसले आणि बाजारात काय कळले, यांचे वजन सारखे नसते. आज आपला विद्यार्थी जे लिहील, तेही कोणीतरी शंभर वर्षांनी असेच निवडत बसणार आहे. त्याचे काम आपण सोपे करावे की अवघड, एवढाच प्रश्न आहे.

वर्गासाठी

हा प्रश्न आता अधिक निकडीचा झाला आहे. लेण्यावर चार पाने लिहायला लेण्यात जाण्याची गरज उरलेली नाही. छायाचित्रे, चलचित्रे, तयार माहिती फोनवर क्षणात मिळते आणि त्यातले प्रत्येक वाक्य ‘आहे’ने संपते. भुयारही ‘आहे’, राजाही ‘आहे’. अशा मजकुरातून इतिहासाबद्दल भलत्या खात्री तयार होतात आणि त्या खात्रींवरून माणसे भांडतात. भाषाशिक्षकाला ती भांडणे मिटवता येणार नाहीत; वाक्याचे शेवटचे क्रियापद तपासायला शिकवणे मात्र त्याच्या हातात आहे.

मी वर्गाला एक साधा अभ्यास देते. जवळचे कोणतेही एक लेणे, गुंफा किंवा जुने देऊळ निवडावे आणि शक्य असेल त्याने एकट्याने जावे. मुलींनी दिवसाउजेडी, घरी वाट आणि वेळ सांगून जावे. वहीच्या पानाचे तीन रकाने करावेत. पहिल्यात फक्त लिहिलेले : शिलालेख, पाटी, तारीख. दुसऱ्यात फक्त स्वतःला दिसलेले, विशेषणांशिवाय. तिसऱ्यात पुजारी, वाटाड्या, चहावाला यांनी सांगितलेले, शक्यतो त्यांच्याच शब्दांत. निदान एक तास तेथे बसावे. फोन पिशवीत ठेवावा. घरी आल्यावर तिन्ही रकान्यांतून लेख तयार करावा, पण कोणतेही वाक्य आपला रकाना सोडून दुसऱ्यात जाऊ देऊ नये.

पहिल्या खेपेला दुसरा रकाना जवळजवळ रिकामा येतो. वाचलेले आणि ऐकलेले खूप असते. पाहिलेले दोन ओळी. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला तो भरू लागतो. एका विद्यार्थिनीने भर्तृहरी गुंफेबद्दल लिहिले होते, की आत उतरताना छत इतके खाली येते की प्रत्येकाला वाकावे लागते, आणि बाहेर आल्यावर लोक नमस्कार केल्यासारखेच वाकलेले काही पावले चालतात. हे तिला कोणी सांगितले नव्हते आणि कुठे लिहिलेलेही नव्हते. तिने ते पाहिले होते. त्या एका वाक्यासाठी मी तिच्या शुद्धलेखनाच्या चुका त्या दिवशी मोजल्या नाहीत.